मेंदूची मोरी रात्रीच धुतली जाते का?

जुनी_वही | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या आईला (वय ७४) तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. परवा मामेभावाने घरच्या ग्रुपवर ढकलपत्र टाकलं: "झोपेत मेंदू स्वतःची सफाई करतो. कमी झोपणाऱ्यांच्या मेंदूत कचरा साचतो आणि त्यानेच अल्झायमर होतो." खाली झाडूचं चित्र आणि हात जोडलेले पाच नमस्कार.

आता थोडी पार्श्वभूमी. आमचं लहानपण ठाणे जिल्ह्यातल्या एका चाळीत गेलं. नळाला पाणी यायचं पहाटे पावणेतीनला, जेमतेम तासभर. आई उठायची. आधी पिंप, मग हंडे-कळश्या, मग शेजारच्या आजींची बादली. पाणी गेलं की परत आडवी व्हायची, पण पाचला दूधवाला आणि सहाला डबे. हे सतरा-अठरा वर्षं चाललं. आम्ही तिघं भावंडं गाढ झोपलेलो. कळशीचा आवाज मात्र झोपेत यायचा, तो अजून कानात आहे.

तर प्रश्न दोन. एक, त्या ढकलपत्रात तथ्य किती? दुसरा विचारायला जड जातोय. आम्ही आलटून पालटून उठलो असतो तर?

"नशिबात असतं ते होतं" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

सदाशिव_एकमार्गी | सोमवार, रात्री ९:५२

आमच्या पेठेत मेंदू दुपारी १ ते ४ या वेळात धुतला जातो. त्या वेळात बेल वाजवू नये. अपमान होईल.

दोडका | सोमवार, रात्री ९:५८

@सदाशिव, हा विनोद आता तुळशीबागेतही कुणी घेत नाही. धागा गंभीर आहे हो.

स्टेथो | सोमवार, रात्री ११:०५

मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, साधा फॅमिली डॉक्टर आहे, पण या विषयावर हाताला लागेल ते वाचत असतो. आज पहिल्या प्रश्नाचं सांगतो, दुसऱ्यावर नंतर येतो.

शरीरात इतरत्र पेशींबाहेर सांडलेला माल, जुनी प्रथिनं वगैरे लसिकावाहिन्या (लिम्फॅटिक) गोळा करून नेतात. मेंदूच्या गाभ्यात या वाहिन्या नाहीत. आणि मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्के. एवढा मोठा स्वयंपाक आणि खरकटं टाकायला मोरीच नाही, हे कोडं जुनं आहे.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड (मूळ डेन्मार्कच्या), जेफ्री इलिफ आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत चमकणारा रंग सोडून तो कुठून कुठे जातो ते पाहिलं. मेंदूभोवती जे पाणी असतं, म्हणजे सीएसएफ, ते मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिली असतं आणि रोज जवळजवळ अर्धा लिटर नवं तयार होतं. म्हणजे दिवसातून तीन-चारदा पाणी बदललं जातं. यातलं काही पाणी धमन्यांच्या बाहेरून असलेल्या अरुंद पोकळीतून आत शिरतं. धमनीचा प्रत्येक ठोका त्याला पुढे रेटतो. त्या पोकळीची बाहेरची भिंत अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशींच्या पावलांनी बनलेली असते आणि त्या पावलांवर अ‍ॅक्वापोरिन-४ नावाच्या पाण्याच्या तोट्या बसवलेल्या असतात. तिथून पाणी पेशींमधल्या फटींत उतरतं, वाटेतला मळ घेतं आणि शिरांच्या कडेने बाहेर पडतं. ज्या उंदरांमध्ये या तोट्या मुळातच नव्हत्या, त्यांच्यात अ‍ॅमिलॉइड बीटाचा निचरा निम्म्याहून जास्त घटला. अ‍ॅमिलॉइड म्हणजे अल्झायमरमध्ये ज्याची पुटं चढतात तेच प्रथिन. ग्लिया पेशी (अ‍ॅस्ट्रोसाइट त्याच कुळातल्या) आणि लिम्फॅटिक मिळून नाव पडलं ग्लिम्फॅटिक.

झोपेचा मुद्दा २०१३ चा. त्याच गटाला दिसलं की जाग्या उंदरात पेशींमधली मोकळी जागा सुमारे १४ टक्के असते, झोपेत किंवा भुलेखाली ती २३ टक्क्यांवर जाते, आणि अ‍ॅमिलॉइड दुप्पट वेगाने निघून जातं. ढकलपत्राचा उगम तिथे. फक्त त्या प्रवासात "उंदीर" हा शब्द कुठेतरी गळून पडला.

गवती_चहा | सोमवार, रात्री ११:२०

वाखूसा (वाचनखूण साठवली).

आगरातला_माणूस | मंगळवार, सकाळी ६:१५

डॉक्टर, हे तर आमच्या पोफळीच्या शिंपण्यासारखं झालं. गुहागरकडे आमचं आगर आहे. विहिरीचं पाणी पाटात सोडायचं, पाटातून आळ्याआळ्यात. पाटात पातेरा अडकला की पहिल्या चार झाडांना पाणी मिळतं आणि कडेची पोफळ सुकत जाते. कळतं केव्हा? झावळ पिवळी पडल्यावर. तोवर दोन महिने गेलेले असतात.

स्टेथो | मंगळवार, सकाळी ८:३०

@आगरातला_माणूस, उपमा चोरणार आहे, पेशंटना सांगायला. मेंदूत मात्र दोन महिने नाही, पंधरा-वीस वर्षं जातात. अ‍ॅमिलॉइड साचायला लागल्यापासून विसरभोळेपणा घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत एवढा काळ सहज लोटतो. आणि पाटाला रेटा कशाचा, तर धमनीच्या ठोक्याचा. वर्षानुवर्षं रक्तदाब चढलेला असला की धमन्या ताठर होतात, रेट्याची लय बिघडते. उतारवयातल्या उंदरांतही हा निचरा मंदावलेला दिसला आहे.

रातराणी_सिस्टर | मंगळवार, सकाळी ९:१०

आत्ताच नाईट संपवून आले आणि आल्या आल्या हा धागा. छान. अठरा वर्षं नाईट करतेय, आमच्या वॉर्डात सगळ्याच करतात. मग काय आम्ही सगळ्या सिस्टर रांगेत उभ्या?

दोडका | मंगळवार, सकाळी ९:१४

अगं, आधी झोप! मग वाद घाल.

उलट_तपासणी | मंगळवार, सकाळी ११:४५

जरा थांबा. स्टेथो यांनी छान समजावलं, पण चित्र जितकं स्वच्छ रंगवलंय तितकं ते नाही.

२०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या निक फ्रँक्स यांच्या गटाने नेमकं उलट छापलं. त्यांनी उंदरांच्या मेंदूत थेट रंग सोडला आणि तो किती भराभर नाहीसा होतो ते मोजलं. झोपेत निचरा सुमारे ३० टक्क्यांनी कमी, भुलेखाली सुमारे ५० टक्क्यांनी कमी! म्हणजे जागेपणीच मोरी जास्त वाहते. नेडरगार्ड यांच्या बाजूने त्यांच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप आले: मेंदूत सुई खुपसून मोजलंत तर तिथली नैसर्गिक वाहती व्यवस्थाच बिघडते, वगैरे. भांडण मिटलेलं नाही.

झोप महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाहीये. पण झोप का महत्त्वाची, याचं "मोरी धुणे" हे एकच कारण छातीठोक सांगायला अजून वाव नाही. आणि उंदीर दिवसा तुकड्यातुकड्याने झोपतो. सलग सात तास घोरणारा उंदीर मी तरी पाहिला नाही.

सदाशिव_एकमार्गी | मंगळवार, दुपारी १२:०२

मी पाहिलाय. शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

ओस्लोतली_ऊर्मिला | मंगळवार, दुपारी ३:३०

उंदरांवरून माणसांवर येऊया का? मी ओस्लोत असते. इथल्या विद्यापीठ रुग्णालयात पेर क्रिस्तियान आइदे आणि गाइर रिंगस्टॅड हे दोघं बरीच वर्षं माणसांवर हेच पाहताहेत. पाठीच्या कण्यातून एक द्रव सोडतात आणि एमआरआयवर तो मेंदूत कसा पसरतो, कसा ओसरतो ते तास-तास मोजतात. अर्थात ज्यांची दुसऱ्या कारणासाठी तपासणी चाललीय अशा लोकांवरच.

२०२१ मध्ये त्यांनी काही जणांना एक अख्खी रात्र जागवलं. द्रव बाहेर पडायला वेळ लागला. आणि मला चटका लावून गेलेली गोष्ट म्हणजे, दुसऱ्या रात्री पोटभर झोपूनही मागचं भरून निघालं नाही. माणसं अगदी मोजकी होती, हे उलट_तपासणी यांनी सांगायच्या आत मीच सांगते. :)

२०१८ मध्ये अमेरिकेतही २० निरोगी लोकांना एक रात्र जागवून पेट स्कॅन केला होता. मेंदूच्या काही भागांत, त्यात आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसही आला, अ‍ॅमिलॉइडची खूण पाच टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसली.

अवांतर: इथे जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड असतो. पहिल्या वर्षी मी जाड पडद्याला चादर टाचून झोपले होते. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तिकडे कोंबडा आरवतो तरी कधी?"

मोडी_लिपी | मंगळवार, सायंकाळी ६:१०

इतिहासातली गंमत सांगतो. मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या असतात हे १७८७ मध्ये इटलीच्या पाओलो मास्काग्नी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. पुढची सव्वादोनशे वर्षं विद्यार्थी "मेंदूला लसिकावाहिन्या नाहीत" असंच घोकत राहिले. २०१५ मध्ये व्हर्जिनियात जोनाथन किपनिस यांच्या प्रयोगशाळेत आंत्वान लुव्हो यांना आणि हेलसिंकीत कारी अलितालो यांच्या गटाला त्या जवळपास एकाच सुमारास पुन्हा सापडल्या. लुव्हो यांची युक्ती साधी: आवरण कवटीपासून सोलून मग रसायनात घालण्याऐवजी कवटीला चिकटलेलं असतानाच ते पक्कं केलं. साय दुधावरून ओढून काढली की चुरगळते. तशीच राहू दिली तर तिच्यावरच्या रेषाही दिसतात.

दोडका | मंगळवार, सायंकाळी ६:३२

म्हणजे ग्लिम्फॅटिक ही घरातली मोरी, आणि आवरणातल्या वाहिन्या म्हणजे गल्लीतलं गटार. तिथून पुढे?

मोडी_लिपी | मंगळवार, सायंकाळी ६:४०

पुढे मानेतल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी.

पाटील_वैद्य | मंगळवार, रात्री ८:१५

आपल्याकडे हे आधीपासून माहीत होतं. चरकाने रात्रीच्या झोपेला "भूतधात्री" म्हटलंय, सगळ्या प्राण्यांचं पोषण करणारी. शिवाय वामकुक्षी! जेवणानंतर डाव्या कुशीवर. आता तेच शास्त्रज्ञ म्हणतात की कुशीवर झोपल्याने मेंदू साफ होतो.

उलट_तपासणी | मंगळवार, रात्री ८:२६

भूतधात्री हा शब्द सुंदर आहे, त्याबद्दल आभार. पण त्यात अ‍ॅक्वापोरिनच्या तोट्या शोधू नका. कुशीचा प्रयोग २०१५ चा, भूल दिलेल्या उंदरांवरचा. पालथं ठेवण्यापेक्षा कुशीवर ठेवल्यावर निचरा बरा दिसला. आणि ती कूस उजवी होती.

सदाशिव_एकमार्गी | मंगळवार, रात्री ८:२८

उजवी?! म्हणजे आमच्या घराण्याच्या सात पिढ्यांची वामकुक्षी पाण्यात?

पाटील_वैद्य | मंगळवार, रात्री ८:४१

वामकुक्षी पचनासाठी आहे, डोक्यासाठी नाही. मीच जरा ताणलं. मान्य.

दोडका | मंगळवार, रात्री ८:४३

या संस्थळावर कुणी "मान्य" लिहिलं! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

गोधडी | मंगळवार, रात्री १०:००

मला एक खटकतंय. धागाकर्तीने "आम्ही उठायला हवं होतं का" विचारलंय आणि आपण सगळे तोट्या मोजतोय. अठरा वर्षं एकटी बाई का उठत होती? घरातले बाप्ये काय करत होते?

जुनी_वही | मंगळवार, रात्री १०:३५

@गोधडी, बाबांची निम्मा महिना रात्रपाळी असायची. असली नसती तरी उठले असते का, माहीत नाही. त्या काळी कुणाचेच बाबा उठत नसत. गंमत बघा, बाबा तीस वर्षं रात्रपाळी करून आज ऐंशीचे आहेत आणि १९७४ चा पगार रुपये-पैशांसकट सांगतात. म्हणून तर डोकं चालेनासं होतं. दोघंही जागले, मग एकीलाच का?

शून्य | मंगळवार, रात्री १०:५०

माझी आजी दहा तास झोपायची. तिलाही झाला. एकेका माणसावरून काही कळत नाही.

वाशीचा_वसंत | बुधवार, पहाटे २:१०

जरा वेगळा प्रश्न. वडील (६८) झोपेत ओरडतात, लाथा मारतात. मागच्या आठवड्यात आईला हात लागला. सकाळी म्हणतात, कुत्रा मागे लागला होता. याचा इथल्या विषयाशी काही संबंध?

स्टेथो | बुधवार, सकाळी ७:५०

आधी हे सांगा, पहाटे दोन वाजता तुम्ही जागे का?

चेष्टा बाजूला. वसंतराव, वडिलांना न्यूरॉलॉजिस्टकडे न्या आणि हे असंच्या असं सांगा. स्वप्नाच्या झोपेत शरीर एरवी सैल पडलेलं असतं. ते पडत नसेल आणि माणूस स्वप्न हातापायांनी जगत असेल, तर पुढे काही जणांत पार्किन्सन किंवा त्याच्या कुळातला आजार दिसतो, कधीकधी कित्येक वर्षांनी. तिथे साचणारं प्रथिन वेगळं, अल्फा-सिन्युक्लिन. कारणं इतरही असतात, काही गोळ्यांनीही असं होतं, म्हणून तपासणी हवी. तोवर पलंगाजवळचं टोकदार टेबल हलवा आणि आईंची झोपायची जागा वेगळी करा.

कातरवेळ | बुधवार, सकाळी ९:०५

मी सहा वर्षं झोपेची गोळी घेतेय. झोप तर होते. मग धुलाई होते ना?

उलट_तपासणी | बुधवार, सकाळी ९:३०

२०२५ च्या सुरुवातीला नेडरगार्ड गटाचाच अभ्यास आला. गाढ झोपेत नॉरअ‍ॅड्रेनलिन (एरवी मेंदूला सावध ठेवणारं रसायन) संथ लाटांनी वर-खाली होतं, त्या तालावर रक्तवाहिन्या आकसतात-फुगतात आणि पाण्याला पंप मिळतो. झोलपिडेम ही झोपेची गोळी दिलेल्या उंदरांत त्या लाटा दबल्या आणि पाणीही कमी गेलं. पुन्हा उंदीरच.

स्टेथो | बुधवार, सकाळी ९:४२

आणि @कातरवेळ, हे वाचून आज रात्री गोळी बंद करू नका! एकदम सोडली तर झोप पार उडते. डॉक्टरांशी बोलून हळूहळू. सहा वर्षं झालीत तर तो विषय काढायला हवाच.

कर्वेनगरची_मीना | बुधवार, दुपारी १:२०

माझ्या काकांसाठी एकाने चीनमधलं ऑपरेशन सुचवलंय. मानेतल्या लसिकावाहिन्या शिरेला जोडतात, म्हणजे गटार मोठं होतं आणि मेंदूतला कचरा भराभर उतरतो म्हणे. व्हिडिओत आजोबा चार दिवसांत नातवाचं नाव घेतात. काकू शेतजमीन विकायला निघाल्यात.

स्टेथो | बुधवार, दुपारी १:३५

काकूंना थांबवा. आजच. चीनमध्ये शेकडो रुग्णालयांत हे सुरू झालं होतं, पण जुलै २०२५ मध्ये तिथल्याच राष्ट्रीय आरोग्य आयोगाने अल्झायमरसाठी ही शस्त्रक्रिया करायला बंदी घातली, कारण उपयोग आणि सुरक्षितता यांचा भक्कम पुरावा नाही.

कर्वेनगरची_मीना | बुधवार, दुपारी १:३८

फोन लावते.

जुनी_वही | बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. खूप कळलं. पण स्टेथो, तुम्ही दुसऱ्या प्रश्नावर नंतर येतो म्हणाला होतात.

स्टेथो | बुधवार, रात्री ११:२५

विसरलो नव्हतो, टाळत होतो. लिहितो.

झोप आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) यांचं नातं सांगणारा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा आहे. जवळपास ८,००० माणसं, २५ वर्षं पाठपुरावा. पन्नाशी-साठीत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत डिमेन्शियाचा धोका सात तासवाल्यांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त निघाला. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण एकूण आठ हजारांत डिमेन्शिया झाला ५२१ जणांना. म्हणजे कमी झोपलेल्यांतल्याही बहुतेकांना तो झाला नाही. तुमचे बाबा त्यातलेच.

दुसरं, आजार मेंदूत पंधरा-वीस वर्षं आधीपासून मुरत असतो आणि तो स्वतःच झोप बिघडवतो. म्हणून झोप मोडली म्हणून आजार झाला की आजार सुरू झाला म्हणून झोप मोडली, हे सोडवणं अवघड जातं. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, प्रदूषण, दृष्टी अधू होणं असं बरंच आहे. झोप त्या यादीत नाही.

तुमच्या आईंनी तिशी-चाळिशीत पाणी भरलं. त्या तासाने आजार आला असं म्हणायला माझ्याकडे काही नाही. नाहीच आला असंही प्रमाणपत्र देता येत नाही. तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या होतात?

जुनी_वही | गुरुवार, सकाळी १०:०५

नऊ. ताई बारा, भाऊ सहा.

ती यादी वाचली. आई चौथीपर्यंत शिकली. बीपी आहे. आणि कानाचं यंत्र दोन वर्षं कपाटात पडलंय, कारण ती काढून टाकते आणि आम्ही कंटाळून नाद सोडला. आज काढलं. बॅटरी मेलीये, संध्याकाळी आणते.

एक गोष्ट पहिल्या लेखात लिहिली नव्हती. आई अजूनही पावणेतीनला उठते. फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी आहे, तरी मोरीत जाऊन नळ सोडते. आम्ही रोज तिला हाताला धरून परत आणतो, ती चिडते, मग पहाटेपर्यंत धुसफूस. काल रात्री मी नाही आणलं. माळ्यावरची कळशी काढली आणि दोघींनी मिळून पाणी भरलं. एक कळशी, एक बादली. मग म्हणाली, "जा, झोप तू, सकाळी शाळा आहे." आणि स्वतःही जाऊन झोपली. सहापर्यंत.

गोधडी | गुरुवार, सकाळी १०:११

…

रातराणी_सिस्टर | गुरुवार, सकाळी १०:४०

जुनी_वही, पुढच्या वेळी कळशी अर्धीच भरू दे, त्यांच्या कमरेला झेपायची नाही. मोरीत रात्री छोटा दिवा लावून ठेव, ओल्या फरशीवर रबरी पायपुसणं टाक, आणि गिझरचा नळ बाहेरून बंद कर. फरशी लगेच पूस. आमच्याकडे खुबा मोडून येणाऱ्या आज्या बहुतेक पहाटेच्याच असतात.

आणि ते यंत्राची बॅटरी दोनचं पाकीट आण, एक हरवतेच.